एओर्टा ४.३ सेंमी – ट्रेक, सायकल, जिम सगळंच बंद का?

पांडवलेणी_पहाटे:
नमस्कार मंडळी, वय ४८, सातपूरला नोकरी. कंपनीच्या चेकअपमध्ये टू-डी एकोला महाधमनी म्हणजे एओर्टा ४.३ सेंमी निघाली, हृदयातून वर निघते तिथेच फुगलीय म्हणे. त्रास शून्य. बीपी १४० च्या आसपास असतं, त्याची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले जड उचलू नका, सहा महिन्यांनी या, संपलं. आता जड म्हणजे किती ते कोण सांगणार? रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या, रविवारी त्र्यंबकपर्यंत सायकल, आठवड्यातून तीनदा जिम असं माझं चाललेलं. बायकोने सायकलची चावी लपवलीय. कुणी यातून गेलंय का?

गोदाकाठचा:
भाऊ मी गेलोय, सहावं वर्ष चालू. माझी हृदयातून एओर्टात उघडणारी झडपच जन्मापासून दोन पाकळ्यांची, तीन असतात खरं तर, तुमच्या एकोत झडपेबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. ऑपरेशनचा विषय साधारण ५.५ ला निघतो, मार्फनसारखा (धमनीची भिंतच कमकुवत करणारा) जन्मजात आजार असेल, घरात कुणाची एओर्टा फाटली असेल किंवा साइज भराभर वाढत असेल तर त्याच्या आधीच. त्यामुळे ४.३ ला घाबरून सोफ्यावर बसू नका, बसून वजन वाढलं की बीपी वाढणार आणि खरा वैरी तोच, १३० च्या खाली आणा.

आता जड म्हणजे किती. मला किलो सांगितले नव्हते, "कुंथावं लागलं की जड" एवढंच सांगितलं होतं आणि तेच डोक्यात बसलं. श्वास कोंडून जोर लावला की त्या क्षणाला प्रेशर कुठल्या कुठे जातं, तगड्या वेटलिफ्टरांचं ३०० च्या वर गेलेलं मोजलंय. आणि नळी जेवढी रुंद तेवढा भिंतीवर ताण जास्त. म्हणून डेडलिफ्ट, पुलअप्स, प्लँक धरून थरथरत बसणं बंद. हलके डंबेल, श्वास सोडत, चालतं. सायकल चालवा पण गप्पा मारता येतील एवढ्याच स्पीडने, चढावर उतरून ढकला, लाज कसली. भरलेला गॅस सिलेंडर तीसेक किलोचा असतो तो मात्र उचलू नका, मी पहिल्याच महिन्यात उचलला होता आणि घरी जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

मखमलाबादची_ताई:
दादा, दोन गोष्टी. एकोचा आणि सीटीचा आकडा थोडा वेगळा येतो, आमच्या पप्पांचा एकोत ४.४ आणि सीटीत ४.१, उगाच पंधरा दिवस झोप नव्हती कुणाला. दरवेळी एकाच पद्धतीने मोजा आणि रिपोर्ट जपा. दुसरं म्हणजे सिप्रो, लिव्होफ्लॉक्सासिन असल्या अँटिबायोटिक्स परस्पर मेडिकलवरून घेऊ नका, अशा पेशंटना शक्यतो देऊ नका म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१८ लाच बजावलंय. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखं दुखलं तर ॲसिडिटी समजून ईनो पीत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी.

सह्याद्री_वेडा:
हरिहर गडाला, त्या उभ्या कातळपायऱ्यांवर, जाता येईल का मग?

गोदाकाठचा:
त्या खोबण्यांत हाताने स्वतःला वर ओढायचं, वर गर्दीत अडकायचं. मी तरी सोडला. ब्रह्मगिरी हळूहळू करतो, डॉक्टरांना विचारून.

पांडवलेणी_पहाटे:
खूप आभार. रिपोर्ट परत वाचला, झडप तीन पाकळ्यांचीच आहे. सख्ख्या भावंडांचाही एको करावा असं आता डॉक्टरांनी सांगितलंय, धाकट्याला फोन केला तर म्हणतो मला काही होत नाही. मलाही काही होत नव्हतंच की. चावी अजून मिळाली नाहीये.