एमजीबी जीटीसाठी रुंद चाके: १९५/६० की १८५/७०?

प्रश्न: ऑक्सफर्डकर

माझ्याकडे १९७२ ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती बनली आणि सध्या तेथून जवळच, ऑक्सफर्डमध्ये, माझ्या गॅरेजमध्ये आहे. तिला मूळची १४ इंची, ५जे (पाच इंच) रुंदीची रोस्टाइल म्हणजे पोलादी चाके असून त्यांवर १६५ चे (१६५ मिमी रुंद) टायर आहेत. टायरची नक्षी अजून खोल असली तरी बाजूच्या रबराला चिरा गेल्या आहेत आणि त्यांवरील, उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगणारा, चार आकडी क्रमांक पाहता ते दहा वर्षांहून जुने आहेत, त्यामुळे ते बदलणे भागच आहे. बदलायचेच आहे तर मिनिलाइट पद्धतीची १४ × ६ इंची अलॉय चाके आणि १९५/६० चे टायर (१९५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के) घ्यावेत असे मनात आहे, कारण गाडी त्यावर फार देखणी दिसते आणि वळणांवर पकड वाढेल अशी अपेक्षा आहे. गाडी मुख्यतः सुटीच्या दिवशी निघते, कधी वेल्सच्या डोंगरी रस्त्यांवर जाते, आणि येथील हवामानामुळे पाऊस बहुधा गाठतोच. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) नाही. हे टायर मागच्या चाकावरील कमानीला घासतील का, आणि स्टिअरिंग कितपत जड होईल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पाटे आणि बुश

आपण दिलेल्या मापांत मला सर्वांत आधी खटकली ती टायरची उंची. आपल्या सध्याच्या १६५/८० आर१४ (आर१४ म्हणजे १४ इंची रिमसाठीचा रेडियल) टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी भरतो आणि १९५/६० आर१४ चा सुमारे ५९० मिमी, म्हणजे चाक जवळजवळ पाच टक्क्यांनी लहान होते. परिणामी स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा जास्त वेग दाखवील, गाडी १५ मिमी खाली बसेल, आणि ओव्हरड्राइव्ह नसल्यामुळे ताशी ७० मैलांना जेथे इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेऱ्यांवर फिरत होते तेथे ते ४,१०० च्या आसपास फिरू लागेल. मोटरवेवर तासन्‌तास हा आवाज ऐकावा लागतो. त्या उलट १८५/७० आर१४ चा व्यास ६१५ मिमी येतो, म्हणजे फरक एक टक्क्याच्याही आत राहतो, आणि तो आपल्या ५जे रिमवर कोणताही बदल न करता व्यवस्थित बसतो. १९५/६० ला किमान ५.५ ची रिम लागते, म्हणून रोस्टाइलवर तो चढवण्याचा विचारही करू नये.

आता घासण्याविषयी. मागचा एक्सल पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, टांगलेला आहे आणि त्याला आडवे धरून ठेवणारा वेगळा दांडा नाही, त्यामुळे वळणावर एक्सल गाडीच्या मानाने थोडा बाजूला सरकतो, आणि पाट्यांचे बुश (टोकांची रबरी अस्तरे) झिजलेले असतील तर अधिकच सरकतो. शिवाय अनेक एमजीबींमध्ये डावीकडची मोकळी जागा उजवीकडच्यापेक्षा कमी असते, हे या गाडीवर काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. म्हणून उभ्या गाडीत बोट घालून पाहणे पुरेसे नाही. मागे दोन माणसे व सामान ठेवून, कमानीच्या आतल्या कडेला थोडी प्लॅस्टिसिन (खेळण्याची मऊ माती) लावावी आणि खडबडीत वळणाच्या रस्त्यावरून हळू फेरी मारावी. टायर कोठे पोहोचतो ते तिच्यावर उमटते. ही चाचणी आधी सध्याच्या टायरवरच करावी, म्हणजे किती मिलिमीटर शिल्लक आहेत ते कळेल. १६५ वरून १९५ वर गेल्यास, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर) तोच ठेवला तरी, टायर प्रत्येक बाजूला सुमारे १२ ते १५ मिमी पसरतो. आत पाटा आहे, बाहेर कमान आहे. दोन्हीकडे जागा हवी.

उत्तर २: तिरका पान्हा

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, मात्र १५ इंची चाकांचा पर्यायही लक्षात घ्यावा असे वाटते. १८५/६५ आर१५ चा व्यास सुमारे ६२१ मिमी आहे, म्हणजे मूळ टायरच्या अगदी जवळ, आणि हे माप साध्या घरगुती गाड्यांनाही लागत असल्याने चांगल्या प्रतीचे ताजे टायर सहज मिळतात. १४ इंची टायरांची निवड मात्र आक्रसत चालली आहे. १५ × ५.५ ची चाके घेतल्यास रुंदीचाही प्रश्न उद्भवत नाही.

चाके विकत घेताना केवळ चार नट व ११४.३ मिमी हे अंतर (नटांच्या वर्तुळाचा व्यास) जुळते म्हणून घेऊ नयेत. त्याच अंतराची जपानी गाड्यांची चाके भरपूर मिळतात, परंतु त्यांचा ऑफसेट आणि मधले भोक वेगळे असते. ऑफसेट कमी निघाल्यास चाक बाहेर येते, स्टिअरिंग जड होते आणि किंगपिनवर (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खुंटावर) ताण वाढतो. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही हे विसरता येत नाही. अलॉयला त्यांच्या घडणीप्रमाणेच नट लागतात, जुने नट वापरू नयेत.

उत्तर ३: अष्टसिलिंडर

रुंद टायर म्हणजे अधिक पकड हे समीकरण या गाडीला सरळ लावता येत नाही, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. रस्त्याला टेकणारे रबराचे क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. टायर रुंद केला की ते क्षेत्र फारसे वाढत नाही, केवळ आडवे व आखूड होते. कोरड्या रस्त्यावर त्याने वळताना गाडी अधिक तत्पर वाटते हे खरे, पण साचलेल्या पाण्यावर हलकी गाडी त्याच आकारामुळे लवकर तरंगू लागते. आपण पावसाचा उल्लेख केला आहे, म्हणून मला हीच बाब निर्णायक वाटते.

कारखान्याचे मत पाहायचे असेल तर १९७३ ते १९७६ या काळातील आठ सिलिंडरची जीटी व्ही८ पाहावी. साडेतीन लिटरचे, १३७ अश्वशक्तीचे इंजिन बसवूनही तिला १४ इंची, ५ इंच रुंद चाके आणि १७५ चेच टायर दिलेले होते. आपल्या १.८ लिटरच्या इंजिनाला त्याहून रुंद टायरची तांत्रिक गरज नाही.

कमानीची आतली कडा वळवून जागा करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ती कडा आतल्या पत्र्याला जोडलेली असते. वळवताना सांधा उघडला की तेथे पाणी शिरते आणि गंज आतून वाढतो.

ऑक्सफर्डकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लॅस्टिसिनची चाचणी केली; डावीकडे जागा खरोखरच कमी आहे आणि मागच्या पाट्यांचे बुश बदलण्यास आलेले आहेत. आधी ते बदलून घेतो. १९५ चा विचार सोडला. रोस्टाइलच ठेवून १८५/७० घ्यावेत की १७५, एवढेच आता ठरवायचे आहे.

पाटे आणि बुश

नवे बुश बसल्यावर डाव्या बाजूची चाचणी पुन्हा करावी. तेथे सध्याच्या टायरपलीकडे दहा-बारा मिमी मोकळे राहिले तर १८५/७०, अन्यथा १७५. आणि अलॉयचा विचार पुढे कधी पुन्हा आलाच, तर चाके बसवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण तो बदल म्हणून धरला जातो.