मदत हवी आहे: ८४८ सीसी ॲल्युमिनियम इंजिनसाठी कॅम, पिस्टन, मॅनिफोल्ड कुठे मिळेल?

घाटवाट
नमस्कार. चार सिलिंडर, ८४८ सीसी, सगळं ॲल्युमिनियमचं इंजिन आहे. त्याला जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम, मोठे पिस्टन आणि चांगला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हवा आहे. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर सगळीकडे विचारून झालं. पुण्यात नाना पेठेत दोन शनिवार घालवले. दुकानदार कॉम्प्युटरवर नाव टाकतो आणि मान हलवतो. यवतेश्वरच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर धापा टाकते, रविवारी तर पहिला टाकावा लागला. दिवाळीच्या आत काम व्हायला हवं. कुणाकडे नक्की पत्ता असेल तरच लिहा. "विकून टाका" हा सल्ला नको.

कुपवाड_लेथ
गाडी कोणती? साल कोणतं? पार्ट जुने का बदलायचेत? काहीच लिहिलेलं नाही.

एफ८बी_फॅन
कशाला डोकं लावताय. मारुती ८०० चे पिस्टन बसवा, सातारच्या कुठल्याही दुकानात मिळतात. ७९६ आणि ८४८ मध्ये फरक तो किती.

कुपवाड_लेथ
@एफ८बी_फॅन ७९६ सीसी तीन सिलिंडरमध्ये आहे, साहेब. तिचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८.५ मिमी. यांचं चार सिलिंडरमध्ये ८४८, म्हणजे बोअर बराच लहान असणार. सीसी जवळ आली म्हणून पिस्टन बसत नाही.

घाटवाट
सिपानी डॉल्फिन, १९८४. ८४८ म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. बोअर ६२.५, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६९.१ मिमी. गाडी वडिलांनी बंगळुरूहून चालवत आणली होती, मी मागच्या सीटवर होतो. आता पार्टचं बोलूया का?

जुना_मोटारवाला
विंटेज नोंदणी करून घ्या. २०२१ च्या नियमाप्रमाणे नंबरात "व्हीए" अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मोठे बदल केलेली गाडी मात्र त्यात बसत नाही, म्हणून कॅम वगैरेच्या भानगडीत पडू नका.

घाटवाट
ती नोंदणी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आहे. माझी १९८४ ची. आणि मी नोंदणीबद्दल विचारलेलंच नाही.

शोलावरम_आठवण
डॉल्फिनचं नाव वाचून फार बरं वाटलं. नोकरीच्या निमित्ताने मद्रासला होतो तेव्हा शोलावरमच्या धावपट्टीवर या गाड्या पळताना पाहिल्यात. फायबरची बॉडी, ढकलणारी मागची चाकं, वजन काहीच नाही.

पार्टबद्दल सांगतो. तुमचं इंजिन मुळात इंग्लंडच्या रिलायन्ट कंपनीचं आहे. तुमची गाडी म्हणजे त्यांची किटन, आणि हेच ८४८ त्यांच्या तीनचाकी रॉबिनलाही होतं. म्हणून "डॉल्फिन" नावाने शोधाल तर जन्मात काही सापडायचं नाही, "रिलायन्ट ८५०" म्हणून शोधा. तिथे ७५० मोटर क्लबची ७५० फॉर्म्युला नावाची रेस आहे. ती ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनांवर सुरू झाली, नंतर त्यात हीच रिलायन्टची इंजिनं आली. त्या लोकांनी या इंजिनासाठी कॅम, मॅनिफोल्ड, हेडचं काम, सगळं करून ठेवलंय. रिलायन्ट किटन रजिस्टर हा मालकांचा क्लबही आहे, त्यांना पत्र टाका. माणसं मदत करतात.

घाटवाट
@शोलावरम_आठवण काका, मनापासून आभार. सहा महिन्यांत कामाचं पहिलं उत्तर हे. पण परदेशातून पार्सल, त्यावर कस्टम, दिवाळी गाठेल का? इथे काही बनवून मिळणार नाही का?

पल्सर_कराड
पल्सर १८० चा पिस्टन ६३.५ मिमी आहे. लायनर (सिलिंडरची आतली नळी) एक मिमी मोठा करा, चार पिस्टन घ्या. ८७५ सीसी होईल, स्वस्तात काम.

कुपवाड_लेथ
मिमी बरोबर आहेत. पण गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा) व्यास? पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची? माथ्यावरच्या खाचा? पल्सरचा स्ट्रोक ५६.४, यांचा ६९.१. व्हर्नियर घेऊन दोन्ही पिस्टन शेजारी ठेवल्याशिवाय असलं सुचवू नका. माथा दीड मिमी वर आला तर व्हॉल्व्हवर आदळेल आणि यांना हे हेड दुसरं कुठून मिळणार आहे?

पल्सर_कराड
मी सुचवलं, बसवा म्हटलं नाही. सगळंच चूक असेल तर तुम्ही सांगा काय करायचं ते.

कुपवाड_लेथ
सांगतो. @घाटवाट, गाडी आधी हाच घाट चढायची का? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजवर किती आहे? पाणी कमी होतं का?

घाटवाट
वडील असताना तिसऱ्यावर चढायची. पाणी थोडं कमी होतं, जुनी गाडी म्हटल्यावर होणारच. कॉम्प्रेशन मोजलेलं नाही. मला कॅम हवाय.

कास_भटक्या
वर हवा विरळ असते हेही लक्षात घ्या. दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद जाते. सातारा ते कास पाचेकशे मीटरची चढण आहे. 

कुपवाड_लेथ
पाच टक्क्यांनी तिसऱ्याचा पहिला गिअर होत नाही. हेड कधी उतरवलं होतं?

घाटवाट
मागच्या दिवाळीत. गरम व्हायची म्हणून मिस्त्रीने गॅस्केट बदललं, हेडला फेसिंग मारलं (तळ घासून सपाट केला). नंतर घाटात खडखड आवाज यायला लागला, तेव्हा त्याने ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं. आवाज गेला, पण पिकअप तेव्हापासून नाही. याचा पार्टशी काय संबंध?

तासगाव_ट्रॅक्टर
संबंध हाच आहे, दादा. मी ट्रॅक्टरची कामं करतो, द्राक्षबागेतले फवारणीचे ट्रॅक्टर. या इंजिनाला तुमच्या गाडीवाल्यापेक्षा ट्रॅक्टरचा मिस्त्री बरा, कारण लायनर वेट आहेत, म्हणजे त्यांच्याभोवती थेट पाणी खेळतं. आमचं रोजचंच काम आहे ते. एक सांगा, हेड खाली असताना मिस्त्रीने इंजिन फिरवलं होतं का?

घाटवाट
हो. फॅनचा पट्टा हाताने ओढून फिरवलं, पिस्टन वर आणून माथे घासून साफ केले. मी शेजारीच उभा होतो.

तासगाव_ट्रॅक्टर
लायनर दाबून धरले होते का? आम्ही हेडच्या बोल्टवर पाइपचे तुकडे आणि जाड वॉशर घालून आवळतो. तसं केलं नाही आणि इंजिन फिरवलं की वर येणारा पिस्टन लायनर उचलतो. खालच्या गॅस्केटवर गाळ शिरतो. लायनर परत खाली बसतो पण बरोबर बसत नाही, एक उंच, एक खाली. मग वरून कितीही भारी गॅस्केट टाका, ते दाबलंच जात नाही.

एफ८बी_फॅन
म्हणूनच म्हणतो, झेनचं इंजिन टाका. चार सिलिंडर, ९९३ सीसी, एकदा बसवलं की सुटलात.

शोलावरम_आठवण
इंजिन बदललं तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, परवानगी वेगळी. आणि वडिलांची गाडी आहे ती. तिचं इंजिन काढल्यावर उरतं काय?

तासगावकरांचं पूर्ण पटतं. आणखी एक. किटनचं कॉम्प्रेशन रेशो मुळातच ९.५ आहे. तिकडे तेव्हा ९७ ऑक्टेनचं पेट्रोल होतं, आपलं साधं त्याहून कमीचं, ते लवकर खडखडतं. त्यावर फेसिंग मारून कॉम्प्रेशन आणखी चढवलं, म्हणून खडखड. टायमिंग मागे घेऊन आवाज दाबला, त्यात ताकद गेली आणि इंजिन जास्त तापायला लागलं. तुम्हाला कॅम मिळेलही, पण या अवस्थेत तो घालू नका.

घाटवाट
आज गेज आणून मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. १ नंबर १५५, २ नंबर १५०, ३ नंबर ९०, ४ नंबर ८५.

कुपवाड_लेथ
३ आणि ४ मध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघा. रीडिंग चढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

घाटवाट
टाकलं. ९५ आणि ९०.

तासगाव_ट्रॅक्टर
रिंगा नाहीत. दोन्हींच्या मधलं गॅस्केट गेलंय. हेड उतरवा, पण लायनर आवळल्याशिवाय क्रँकला हात लावू देऊ नका.

घाटवाट
रविवारी हेड उतरवलं. गॅस्केटवर ३ आणि ४ च्या मध्ये बोटभर काळी रेघ आहे, तिथली कड जळून चुरा झालीय. स्टीलची पट्टी आडवी ठेवून फीलर गेज घातला. ३ नंबरचा लायनर ४ पेक्षा चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वर आहे. पाण्याच्या जागेत तपकिरी गाळ साचलाय, मी आजवर विहिरीचं पाणीच घालत होतो.

@तासगाव_ट्रॅक्टर, चारही लायनर काढून खालची बैठक साफ करायची आहे. इंजिन टेम्पोत घालून तासगावला आणलं तर कराल का? आणि @शोलावरम_आठवण काका, किटन रजिस्टरला मेल केलाय. आधी लायनरखालची गॅस्केटं आणि हेड गॅस्केट मागवतोय. कॅमची किंमत विचारून ठेवलीय.

तासगाव_ट्रॅक्टर
बुधवारी या, सकाळी लवकर. हेडही घेऊन या, फेसिंगला किती घासलंय ते मोजू, लागलं तर जाड गॅस्केट बघू. लायनरवर नंबर आणि दिशेची खूण मार्करने करा, आत्ताच, हलवायच्या आधी.

कुपवाड_लेथ
डायल गेज माझ्याकडे आहे. बुधवारी घेऊन येतो.

पल्सर_कराड
पिस्टनचं पण मोजून सांगा ना. पिनचा व्यास तेवढा.