लांब पल्ल्याचे धावणे सुरू करतोय: मेक्सिकोतून ‘वाराचे’ चपला मागवू का?

भाट्ये_खाडी विचारतात:

रत्नागिरीत राहतो, वय ४३. रोज पाऊण तास चालणे होते, धावणे शून्य. जानेवारीत एखादी २१ किलोमीटरची शर्यत करावी असे मनात आहे, सुरुवात दिवाळीनंतर करीन म्हणतो. भाचा कामासाठी मेक्सिको सिटीला चाललाय आणि ला सिउदादेला या हस्तकला बाजारात जाणार आहे. तिथे वाराचे नावाच्या चामडी चपला मिळतात. तिकडचे रारामुरी आदिवासी असल्याच चपलांवर डोंगरात धावतात ना? मग बुटांचे आठ-दहा हजार वाचवून त्याच आणायला सांगू का? आणि सराव किनाऱ्यावर करावा की रस्त्यावर?

कातळावरचा:

वाराचे जरूर मागवा, पण घालून फिरायला. त्यांवर धावू नका.

नाव एकच असले तरी वस्तू दोन आहेत. बाजारात दिसतात ते विणलेले वाराचे: वर चामड्याच्या पट्ट्यांची वीण, खाली चामड्याचा किंवा जुन्या टायरचा तळ, आणि तो बऱ्याचदा खिळ्यांनी ठोकलेला. घामाने वीण सैल पडते, टाच आत सरकायला लागते आणि दोन किलोमीटरांत फोड येतात. खाऱ्या हवेत खिळे गंजतात. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते ती वेगळीच.

रारामुरींची चप्पल याहून कितीतरी साधी. टायरचा तुकडा पायाच्या आकाराचा कापायचा, त्याला तीन भोके पाडायची आणि एकच वादी अंगठ्याजवळून टाचेमागे फिरवून घोट्यावर बांधायची. हे लोक उत्तरेला चिवावा राज्यातल्या दऱ्याखोऱ्यांत राहतात, मेक्सिको सिटीपासून हजारभर किलोमीटरवर. १९९३ साली अमेरिकेतली लेडव्हिलची १०० मैलांची शर्यत व्हिक्टोरियानो चुरो यांनी जिंकली ती अशाच चपलांत, वयाच्या ५५ व्या वर्षी. २०१७ मध्ये मारिया लोरेना रामिरेस यांनी पुएब्लातली ५० किलोमीटरची महिलांची शर्यत जिंकली तीही चपला आणि झग्यावर. पण त्यांचे पाय लहानपणापासून याच चपलांत वाढलेले असतात. बुटाची टाच जमिनीपासून साधारण दोन-तीन सेंटीमीटर उंच असते. ती एकदम गेली की पोटरी आणि टाचेमागची शीर रोज जास्त ताणली जाते, आणि चाळिशीनंतर ती शीर दुखावली तर बरी व्हायला महिने लागतात. दुसरा धोका चवड्याच्या हाडाला बारीक चीर जाण्याचा. ती आधी नुसती ठणक वाटते, म्हणून माणूस धावतच राहतो.

सडामिऱ्या:

चपलांपेक्षा मला तुमच्या वेळापत्रकाची काळजी वाटते. दिवाळी ते जानेवारी म्हणजे दोन-अडीच महिने. शून्यापासून २१ किलोमीटरला साडेपाच-सहा महिने हवेत. एवढ्या काळात धावत-चालत १० किलोमीटर नीट होतील, तेच धरा. २१ हवेच असतील तर जुलैच्या मध्यावर, भर पावसात सुरुवात करावी लागेल. उलट मोजणी करून शर्यत मार्चमध्ये ढकलू नका, तेव्हा आपल्याकडे सकाळी आठलाच अंग भाजते.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पाच मिनिटे भरभर चालणे, मग १ मिनिट धाव आणि २ मिनिटे चाल असे दहा वेळा. दोन आठवड्यांनी २ मिनिटे धाव आणि १ मिनिट चाल. पुढे धाव ३, ५, ८ मिनिटे करत न्यायची. आठ ते दहा आठवड्यांत सलग अर्धा तास होतो, म्हणजे चार-साडेचार किलोमीटर. त्यानंतर तीनपैकी एकच दिवस लांब ठेवायचा आणि तो आठवड्याला १ किलोमीटरने वाढवायचा. दर चौथ्या आठवड्याला मात्र तिसरा हिस्सा कमी. हा उतरता आठवडा लोक हटकून गाळतात आणि नडगी धरून बसतात.

वेग घड्याळावर ठरवू नका. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. पुण्यातला मित्र ज्या वेगाने पळतो त्यापेक्षा किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट हळू धरा. साडेपाचला बाहेर पडा. दमटपणा तेव्हाच सर्वांत जास्त असतो हे खरे, पण ऊन नसते, आणि दोहोंत ऊन वाईट.

तासापेक्षा कमी धावेला नुसते पाणी पुरते. त्याहून जास्त असेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एकदा धावेच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. १ किलो उतरले तर साधारण १ लिटर घाम गेला. वजन वाढले असेल तर पाणी जास्त पीत आहात, आणि लांब पल्ल्यात तेही धोक्याचे. रक्तातले मीठ पातळ होते.

जांघा आणि काखांना निघण्याआधी खोबरेल किंवा व्हॅसलिन. खोबरेल तासाभरात धुपते, लांबच्या दिवशी व्हॅसलिनच.

पुळणवाला:

किनाऱ्याबद्दल. सगळे भरती-ओहोटीवर अवलंबून, आणि त्यासाठी मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ येते, तिच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सकाळी सहाला पाणी पार वर आणि धावायला उरते ती भुसभुशीत कोरडी वाळू. त्या दिवसांत रस्ता धरा. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वा अकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सव्वापाचला. चतुर्दशी ते द्वितीया पहाटे ओली, कडक वाळू भरपूर उघडी पडते, उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर जाते. खाडीच्या आत वेळ पुढे सरकते, तिथे हा हिशेब लावू नका.

पाऊल टाकल्यावर ठसा जेमतेम उमटतो त्या पट्ट्यातून धावायचे. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. जाताना जेवढे, तेवढेच परत यायचे, म्हणजे उतार दुसऱ्या पायाला जातो. दापोलीचा मुरूड-कर्दे सपाट आहे, गुहागर लांब आहे. गणपतीपुळ्याचा उतार जास्त, तो सोडा.

आठवड्यातून एकच दिवस वाळू ठेवा. शर्यत डांबरावर आहे, पायांना डांबराची सवय हवी.

सडामिऱ्या:

पुळणवाले म्हणतात ते बरोबर, फक्त नवख्याने वाळूवर अनवाणी धावू नये. मऊ लागते म्हणून लोक पहिल्याच दिवशी तीन किलोमीटर जातात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. सडा, म्हणजे डोंगरावरचे कातळाचे पठार, त्यापेक्षा बरा: वर गेलात की मैलभर सपाट रस्ता. सड्यावरून खाली गावात येणारा उतार मात्र चालत उतरा. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे कोणत्याही बुटाची पकड टिकत नाही.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. ओले झाले तर आतला तळ काढून वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने कागद बदला. चुलीजवळ ठेवले की गोंद सुटतो. समुद्राचे पाणी लागले तर आधी गोड्या पाण्याने धुवा.

भाट्ये_खाडी:

मनापासून आभार. १० किलोमीटरवर आलो. पण भाचा जाणारच आहे, तर काय आणायला सांगू? आणि वाराचेचे माप कसे कळवायचे?

कातळावरचा:

मेक्सिकोत चपलेचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये. कागदावर उभे राहा, पूर्ण वजन टाका, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. २६.५ आले तर २६.५ नंबर. विणलेले चामडे सैलावते, म्हणून थोडे घट्ट बसणारे चालतील, बोटे दाबणारे नकोत. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा.

बाजार बाल्देरास मेट्रो स्टेशनजवळ आहे. किमतीपुढे $ दिसले तरी ते पेसो असतात, डॉलर समजून भाच्याने घाबरू नये. एकाच दुकानातून दोन-तीन वस्तू घेतल्या तर भाव थोडा उतरतो, निम्म्यावर आणायचा हट्ट धरू नये. रोख पेसो जवळ ठेवावेत.

झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत पारंपरिक झिलईमुळे शिसे असू शकते. जेवायला वापरायची असतील तर ‘सिन प्लोमो’ (शिसे नाही) लिहिलेलीच घ्यावीत, नाहीतर भिंतीवर टांगावीत. ओआहाका राज्यातली काळी भांडी दिसायला देखणी, पण पाणी धरत नाहीत. चांदीवर ९२५ चा ठसा बघावा. रंगीत सारापे, म्हणजे अंगावर घ्यायच्या चादरी, पुष्कळदा ॲक्रिलिकचे निघतात, लोकरीचा भाव दिला म्हणून लोकर होत नाही. ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची, सुरी घेतली तर ती हातातल्या बॅगेत नको, सामानात टाकावी. चॉकलेट घुसळायची लाकडी रवी, मोलिनियो, हलकी असते, फुटत नाही आणि आपल्या घरात ताकालाही चालते. मी असतो तर तीच आणवली असती.

मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे. भाचाही धावणारा असेल तर पहिले दोन-तीन दिवस फक्त चालायला सांगा.

पुळणवाला:

टायरची चप्पल घरी करायची हौस असेल तर सांगतो, वर्षभर बुटावर धावून झाल्यावर. गाडीच्या टायरचा बाजूचा भाग घ्या, मधला नक्षीचा जड आणि वाकडा असतो. तारा नसलेला तुकडा निवडा, पंक्चरवाला दाखवेल. उभे राहून पाय आखा, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधोमध एक खूण, दोन्ही घोट्यांच्या किंचित पुढे एकेक. भोक वादीपेक्षा बारीक पाडा, म्हणजे ती घट्ट बसते. पुढची गाठ तळाखाली येते आणि डांबरावर घासून तीच आधी तुटते, म्हणून खालून खोबण कोरून गाठ आत बसवा. पहिले काही आठवडे त्यात फक्त चाला, मग धावेच्या शेवटची पाच मिनिटे. पोटरी दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर त्या आठवड्यात पुन्हा घालू नका.