सायबरमध्ये काम करायचंय: आर्मी, नेव्ही की एअर फोर्स?

कृष्णाकाठची
नमस्कार. मी कराडची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नेटवर्किंग बऱ्यापैकी येतं, सीटीएफ म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवायच्या स्पर्धा खेळते. भावकीतले चौघं फौजेत, सगळे पायदळात. सायबर म्हटलं की काका विचारतात, "कॅफे टाकणार का?" मला वर्दीही हवी आणि कामही सायबरचंच हवं. आर्मीची एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे इंजिनिअरांसाठी ठरावीक वर्षांची अधिकाऱ्याची नोकरी), नेव्हीची तशीच आयटी एंट्री आणि एअर फोर्सचं एएफकॅट (अधिकारी भरतीची परीक्षा), यातलं काय धरू? पप्पा म्हणतात, तिन्ही अर्ज भर.

जुना_सिग्नलवाला
पप्पांचं ऐक, पोरी. आणि आर्मीत आलीस तर सिग्नल्स माग, म्हणजे फौजेचं दळणवळण सांभाळणारी कोअर. मी त्याच कोअरमधून सुभेदार म्हणून घरी आलो. आमचं ट्रेनिंग गोव्यात, २ एसटीसी या सिग्नल्सच्या ट्रेनिंग सेंटरला. तुम्हा अधिकाऱ्यांचं मध्य प्रदेशात महूला, एमसीटीई या सिग्नल्सच्या कॉलेजात. पण माग म्हटलं म्हणजे मिळेलच असं नाही. कॉम्प्युटरवाले ईएमईलाही (फौजेची यंत्रं दुरुस्त करणारी कोअर) जातात, इंजिनिअर्सलाही. मेरिट आणि जागा बघून कोअर देतात.

आणि सिग्नल्स मिळालं तरी पहिल्या दिवसापासून हॅकर पकडशील असं समजू नकोस. आधी जवान, गाड्या, जनरेटर, केबल. एकदा रात्री दोनला संपर्काची लाइन गेली. बॅटरी घेऊन केबल चाचपत निघालो, तर उंदरानं कुरतडलेली. लेफ्टनंटसाहेब चिखलात बसून माझ्याबरोबर जोड मारत होते. बीटेकच होते तेही.

सायबर मला कळलं ते निराळंच. आमच्याकडं एक कॉम्प्युटर होता, बाहेरच्या नेटशी संबंध शून्य. तपासणीत त्यावर भलत्याच फायली निघाल्या. सगळे हादरले. निघालं काय, तर एक पोरगा रोज त्याच्या यूएसबीला मोबाइल चार्जिंगला लावायचा. चार्जर महाग पडत होता म्हणे! तेव्हापासून मी पहिलं काम काय केलं असेल, तर प्रत्येक बराकीत चार्जिंगचा बोर्ड बसवून घेतला.

दर्यावरून_परत
काकांचा बोर्ड आवडला. मी नेव्हीत आयटीत शॉर्ट सर्व्हिस केली, आता पुण्यात खासगी नोकरीत. ताई, काम आयटीचंच हवं असेल तर नेव्ही पहिली धर. तिथं निदान एंट्रीच्या नावात आयटी आहे. ट्रेनिंगची सुरुवात केरळात एळिमलाच्या नेव्ही अकादमीत होते. दहावी किंवा बारावीत इंग्रजीला ६० टक्के लागतात, ते आधी बघ. लेखी परीक्षा फक्त एएफकॅटला. बाकी दोन्हीकडं डिग्रीच्या मार्कांवरून थेट एसएसबी (अधिकारी निवडीची काही दिवसांची मुलाखत), त्यामुळं शेवटचं सेमिस्टर हलक्यात घेऊ नकोस.

कुठल्याही दलातून गेलीस तरी डिफेन्स सायबर एजन्सीचं दार बंद होत नाही. २०१९ पासूनची ती संस्था तिन्ही दलांची मिळून आहे, तिचे पहिले प्रमुख नेव्हीचेच होते. पण तिथं पाठवायचं की नाही हे वरचे ठरवतात, आपण नाही.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. शॉर्ट सर्व्हिस १० वर्षांची, फार तर १४. बाहेर पडताना बायोडेटात लिहायचं काय? केलेलं काम सांगता येत नाही. माझं एक अख्खं वर्ष "नेटवर्क सुरक्षा" या दोन शब्दांत संपलं. मुलाखत घेणारा पोरगा ओळीकडं बघत राहिला आणि मग फक्त सर्टिफिकेट्स विचारली. म्हणून ओएससीपीसारखं (हॅकिंगच्या कौशल्याचं सर्टिफिकेट) काहीतरी नोकरीत असतानाच, सुट्टीत, पदरचे पैसे घालून करून ठेव.

जुना_सिग्नलवाला
हे खरं. आणि एसएसबीला क्लासवर पैसे घालायच्या आधी नाशिक रोडचं सरकारी छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र बघ. तिथं तयारी फुकट करून घेतात.

कृष्णाकाठची
धन्यवाद काका, दादा. बारावीला इंग्रजीत ७१ आहेत, सुटले. तिन्ही भरते, पण नेव्ही आधी. आज लॅबमध्ये मुद्दाम मोजलं: सहा जणांचे मोबाइल पीसीला चार्जिंगला लावलेले. त्यातला एक माझा.