वेलेरियम: मराठीत एक शब्द की दोन?

दर्यावर्दी: रोममध्ये कोलोसियमच्या प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून जे कापडी छत ताणत, ते वेलेरियम. आणि बॉक्स जेलीफिशच्या घंटेच्या (म्हणजे घंटेच्या आकाराच्या शरीराच्या) काठाला आत वळलेली पातळ पट्टी असते, तीही वेलेरियमच! मराठीत लिहिताना पहिल्याला चांदवा आणि दुसऱ्याला झालर म्हणावं, असं माझं मत. वाचकाला उगाच लॅटिन कशाला?

शिंपीकाकू: झालर? अहो, झालर खाली लोंबते आणि शोभेची असते. ही पट्टी आत वळून घंटेचं तोंड लहान करते. घंटा आवळली की त्या अरुंद तोंडातून पाणी जोरात बाहेर फेकलं जातं आणि प्राणी पुढे सरकतो. झालर म्हटलंत की तिचं कामच पुसलं गेलं.

जुनी_वही: काकूंशी सहमत. पण मी म्हणेन, दोन्हीकडे एकच शब्द हवा. कोलोसियमच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूने डोलकाठ्या टेकवायला २४० दगडी तोडे, म्हणजे भिंतीतून पुढे आलेले आधार, होते. छत सांभाळायला मिसेनम या रोमन नाविक तळावरच्या आरमारातले खलाशी नेमलेले. कापड काठाकडून आत यायचं आणि मधे रिंगणावर आभाळ उघडं, असं बरेच अभ्यासक मानतात. आता जेलीफिश उलटा धरल्याची कल्पना करा: वाटी, काठावरून आत आलेला पडदा, मधे भोक. हुबेहूब! दोन्हीला सरळ 'पडदा' म्हणा.

खारफुटी: साम्य छान आहे, पण 'पडदा' नको. हायड्रोझोआ गटातल्या जेलीफिशांना अशीच पट्टी असते, तिला वेलम म्हणतात. तिच्यात नळ्या नसतात. वेलेरियममध्ये पचनपोकळीतून निघालेल्या नळ्या शिरतात. दोन्हींचा 'पडदा' केलात तर विद्यार्थ्याने फरक ओळखायचा कशावरून? प्राण्यापुरतं लॅटिन राहू द्या.

जुनी_वही: वेलम म्हणजे मुळात कापड, शीड. पॉम्पेई या रोमन शहरात खेळांच्या जाहिराती भिंतींवर रंगवत, त्यांतही 'वेला एरुंट' असतं, म्हणजे 'छताची सोय आहे'. रोमन लोक साधा शब्द वापरत होते, सोवळं आपणच पाळतोय.

दर्यावर्दी: बरं, जेलीफिशला वेलेरियम, मान्य. कोलोसियमला मात्र चांदवाच.

शिंपीकाकू: चांदवा देवाच्या डोक्यावर असतो हो. कोलोसियमच्याही आधी रोमन सम्राट कॅलिगुलाने भर उन्हात असंच छत बाजूला सरकवायला लावलं होतं, आणि वर कुणाला उठून जायची बंदी! तिथे चांदवा लिहायला माझा हात धजणार नाही. मांडव म्हणा.