गारगोट्यांना भोक पाडताना बिट लगेच बाद होतंय, घरच्या घरी नीट कसं करायचं?

सीनाकाठ:

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, कामाची जागा म्हणजे मागची बाल्कनी. भीमा-सीनेच्या काठावरून आणलेल्या गारगोट्या घरात बऱ्याच साठल्यात. हत्तरसंग कुडलकडच्या काही तर फार देखण्या आहेत, मधाच्या रंगाच्या, आत पांढरे पट्टे, उन्हात धरल्या की उजेड आरपार येतो. त्या ओवून आईसाठी माळ करायची आहे. विकतची अकीकाची (ॲगेटची) माळ नको, याच दगडांची हवी.

माझ्याकडे छोटं रोटरी टूल आहे, वेग 10,000 ते 32,000. ऑनलाइन मागवलेलं 2 मिमीचं हिऱ्याचं भरीव बिट लावते आणि वरून सिरिंजने पाणी सोडते. पहिला मिलीमीटरभर छान जातं. मग बिट नुसतं घासत राहतं, चिरका आवाज येतो, बाहेर काढून बघावं तर टोक चकचकीत झालेलं. एखादं भोक आरपार गेलंच तर मागच्या तोंडाला टवका उडतो. गोल दगडावर सुरुवातीला बिट घसरतं ते आणखी वेगळं.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पाण्याची धार सोडून काम करणं जमणार नाही. आणि एक हिरवट ॲपोफिलाइटचा स्फटिक आहे, त्यालाही भोक पाडून लॉकेट करायचं मनात आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

काळापाषाण:

ताई, एक गोष्ट आधी सांगतो. भिंतीला भोक पाडायचं बिट आणि मशीनचा हॅमर मोड, दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. कुणीतरी ते सुचवेलच. भिंतीचं बिट ठोकून फोडतं, गारगोटी त्याने उभी चिरते.

मी आपल्या काळ्या दगडाला, बेसाल्टला, साध्या ड्रिल मशीनवर 6 मिमीचं पोकळ डायमंड बिट लावून भोकं पाडतो. काचेला भोक पाडायला काचवाले वापरतात तेच बिट. मशीन 2,800 फेऱ्यांचं, पाण्याच्या परातीत दगड, काम निवांत होतं. बारीक मण्यांचा अनुभव मला नाही, ते जॉबरकाका सांगतील.

जुना जॉबर:

ताई, तुमचं बिट दगडाच्या कठीणपणाने मरत नाहीये, तापून मरतंय. अकीक काय, गारगोटी काय, सगळी क्वार्ट्झचीच भावंडं. कठीणपणाच्या मोहस मापात 6.5 ते 7. हिरा 10. हिऱ्यापुढे गारगोटीचं काही चालत नाही, फक्त तो हिरा बिटवर टिकला पाहिजे. स्वस्त बिटात हिऱ्याची भुकटी निकेलच्या मुलाम्यात एकाच थराने बसवलेली असते. टोक तापलं की हिरे निसटतात आणि खाली उरतं चकचकीत पोलाद. तुम्हाला दिसतंय ते तेच. पोलाद गारगोटीला कापत नाही, नुसतं तापवतं. तापलेली गारगोटी तडकते.

सिरिंजचं पाणी वरच्या वर राहतं. भोक थोडं खोल गेलं की बिटनेच तोंड बुजवलेलं असतं, पाणी आत जात नाही आणि आतला लगदा बाहेर येत नाही. म्हणून दगड पाण्यात बुडवून ठेवायचा, वर बोटभर पाणी राहील इतका. आणि बिट एका जागी दाबून धरायचं नाही. दोन-तीन सेकंद टेकवा, पूर्ण वर काढा, पुन्हा टेकवा. वर काढताना पाणी आत शिरतं, लगदा बाहेर पडतो. काम चालू असताना भोकातून दुधाळ पाण्याची बारीक रेघ वर येताना दिसते. ती दिसतेय तोवर दगड कापला जातोय. रेघ थांबली, आवाज चिरका झाला, की लगेच हात वर. तिथे जोर लावला की बिट गेलंच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर आयुष्य गेलं, आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायची सवय तिथेच लागली. दगडातही कान फार कामाला येतो. आठ मिलीमीटर जाडीच्या अकीकाला पाच-दहा मिनिटं सहज लागतात, ती द्यावीत.

वेगाचं गणित असं. 10,000 फेऱ्यांना 1 मिमी बिटची कड मिनिटाला साधारण 31 मीटर धावते. 2 मिमीची 63 मीटर, आणि 6 मिमीची 188 मीटर. म्हणजे बिट जितकं जाड तितका वेग कमी. तुमच्या टूलचा सगळ्यात कमी वेग, 10,000, तुमच्या 2 मिमीला पुरतो. 32,000 विसरून जा.

आता बिट. भरीव बिटच्या मधोमध वेग शून्य असतो. कडा धावते, केंद्र जागच्या जागी फिरतं, त्यामुळे मधला दगड कापला न जाता रगडला जातो आणि तापतो. पोकळ बिट फक्त कड्याएवढाच दगड कापतं, मधला दांडा अख्खा राहतो. तो आतच अडकला तर पातळ तारेने मागून ढकलून काढायचा. 2 मिमीचं पोकळ बिट मिळतं, तेच घ्या. परवडलं तर सिंटर्ड घ्या. त्यात हिरे एका थरात नसून सगळ्या जाडीत मिसळलेले असतात, झिजलं की आतून नवे उघडे पडतात. ते बोथट वाटलं तर धार लावायच्या खडबडीत कार्बोरंडम दगडात दोन-चारदा पाण्यातच घालून काढा, पुन्हा कापायला लागतं. मुलाम्याच्या बिटला हा उपाय नाही.

गुजरातेतल्या खंबातचे कारागीर अकीकाचे मणी विंधायचे तेव्हा सळईच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवायचे आणि सुताराच्या सामत्यासारखी कमानीने ती सळई फिरवायचे. कमानीचा वेग तो किती, तरी अकीक विंधला जायचा. वेगापेक्षा हिरा, पाणी आणि सबुरी महत्त्वाची, हे त्यावरून कळतं. कधी धाराशिवकडे गेलात तर तेरचं लामतुरे संग्रहालय बघाच, तिथे सातवाहन काळचे मणी आहेत. जुन्या दगडी मण्यांची भोकं पुष्कळदा दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये जुळवलेली असतात.

तुमच्या टवक्यालाही हाच उपाय. बिट मागून बाहेर पडताना शेवटचा पातळ पापुद्रा कापला जात नाही, ढकलला जातो आणि तुटतो. म्हणून अर्धं इकडून, अर्धं तिकडून. भोकं समोरासमोर यावीत यासाठी माझी पद्धत सांगतो. ड्रिल स्टँड घ्या. प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी एक छोटी फळी चिकटवा आणि फळीत बिटच्या बरोब्बर खाली एक सुई उभी रोवा, टोक वर. बिट खाली आणून टोकाला टोक लागतंय ना ते बघा आणि डबा तिथेच क्लॅम्पने आवळा. आधी दगडाला एका बाजूने दोन-तीन मिलीमीटर खोल भोक पाडून घ्यायचं, सुई बाजूला काढून. मग सुई परत रोवून दगड उलटा, ते भोक सुईवर बसवायचं आणि वरून उतरायचं. वरचं भोक खालच्यात जाऊन मिळतंच.

घसरण्याचं म्हणाल तर हातातलं टूल तिरकं धरा, 45 अंशाच्या आसपास. एका कडेने चंद्रकोरीएवढी खाच पडू द्या, मग हळूहळू सरळ करा. स्टँडवर दगड नेण्याआधी ही खाच पाडून ठेवायची.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीज. पाण्याच्या डब्यावर विजेवर चालणारं टूल हातात धरायचं नाही. सोनारांकडे असते तशी हँगिंग मोटर घ्या. मोटर वर खुंटीला टांगलेली, खाली फक्त लवचिक शाफ्टचा दांडा. आणि त्या प्लगच्या लाइनीवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या. वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाऊ दे, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

सीनाकाठ:

काका, मनापासून धन्यवाद. सुईची युक्ती कुठेच वाचली नव्हती. दोन शंका. दगड पाण्यात हलू नये म्हणून कशाने धरायचा? बोटांनी धरवत नाही. आणि रोज एवढं पाणी कुठून आणू?

जुना जॉबर:

बोटांनी धरूच नका, बिट अडकलं तर दगड गरकन फिरतो. दगड कोरडा पुसून काचेच्या तुकड्यावर इन्स्टंट ग्लूने चिकटवा आणि काच फळीवर पक्की करा. काम झाल्यावर ॲसिटोनमध्ये ठेवला की सुटतो, फक्त खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस पेटलेला नको. मागे काचेचा आधार असला तर टवका जवळजवळ उडत नाही, त्यामुळे पातळ दगड एकाच बाजूने आरपार केला तरी चालतो. सुईवर बसवायचे वाटोळे दगड मात्र चिकटवता येत नाहीत. त्यांना लाकडाच्या दोन ठोकळ्यांत रबर लावून आवळा.

पाणी डबाभरच लागतं. काम संपलं की रात्रभर तसंच राहू द्या, लगदा तळाला बसतो, वरचं निवळ दुसऱ्या डब्यात काढून परत वापरा. आठवडा सहज निघतो. तळाचा लगदा सिंकमध्ये ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. ओला असतानाच कागदात गुंडाळून पिशवी बांधून टाका.

वॉर्ड नंबर सात:

मी छातीच्या विकारांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून लगद्याबद्दल आणखी बोलते. अकीक म्हणजे जवळपास निव्वळ सिलिका. तिची जी धूळ डोळ्यांना दिसते ती त्यामानाने कमी धोक्याची, न दिसणारी फुफ्फुसात खोल जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही, झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि लक्षणं दिसायला वर्षं लागतात. खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार होता आणि त्यावर अभ्यासही झालेत. ते लोक कोरडं घासायचे, तेही रोज.

तुम्ही पाण्यात काम करताय हे उत्तम. पण आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बाल्कनीतला लगदा तासाभरात वाळतो आणि वाळला की तो पुन्हा धूळच. म्हणून काम झाल्या झाल्या ओल्या फडक्याने सगळं पुसा, फडकं ओलंच धुवा, झाडू मारू नका. कामाचा शर्ट वेगळा ठेवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. एन 95 मास्क घाला, पण पाण्याला पर्याय म्हणून नव्हे, पाणी असतानाही. डोळ्यांना गॉगल हवाच. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावर करा किंवा बाल्कनीचं दार लावून करा.

पोकळीतला स्फटिक:

ॲपोफिलाइटला कृपया भोक पाडू नका. मी झिओलाइट नावाची खनिजं आणि त्यांच्या सोबतीला सापडणारे स्फटिक जमवतो, त्यामुळे हे कळकळीने लिहितोय. त्याची कठीणता 4.5 ते 5, म्हणजे बिट लोण्यात गेल्यासारखं जाईल, पण खरी अडचण वेगळीच आहे. तो एका दिशेने फार सहज, सपाट पापुद्र्यांनी सुटतो. स्फटिकाचं टोक जिथे सपाट आणि मोत्यासारखं चमकतं, त्या पृष्ठाला समांतर. बिटची थरथर त्या दिशेला लागली की वरचा तुकडा अलगद वेगळा. शिवाय त्याच्या रचनेतच पाणी असतं, तापला की पांढरट पडून सोलतो.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा हिरवा ॲपोफिलाइट तर नावाजलेलाच. तो हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत हे स्फटिक हळूहळू वाढवले. तुमच्या गारगोट्याही तशाच पोकळ्यांतल्या, खडक झिजल्यावर नदीला मिळालेल्या. गारगोटीला भोक सोसतं, याला नाही. लॉकेट करायचंच तर सोनाराकडून चांदीची टोपी करून घ्या आणि ती एपॉक्सीने बसवा, किंवा चांदीच्या तारेने बांधा. टोपी खडकाला चिकटलेल्या खडबडीत बाजूला बसवायची, चमकत्या टोकाला नाही.

सीनाकाठ:

पटलं, स्फटिकाला टोपीच करते. नर्सताई, शर्ट आणि फडक्याचं आजपासूनच पाळते. काका, पोकळ बिट आणि स्टँड मागवतेय. माळेसाठी दोरा कुठला घेऊ? रेशमी गोंडेवाला डोळ्यांपुढे आहे.

जुना जॉबर:

रेशीम घ्या, पण आधी भोकाची तोंडं मारा. बिटने पाडलेल्या भोकाची कड काचेइतकी धारदार असते, वापरात दोरा तिथेच कातरतो. डायमंडचं गोल टोकाचं घासायचं बिट मिळतं, त्याला ‘बर’ म्हणतात, ते 3 मिमीचं घ्या. पाण्यातच दोन्ही तोंडांवर पाच-सात सेकंद फिरवा, वाटीसारखी उतरती कड होते. मग दुमडलेला दोरा भोकातून घालून दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढून बघा. तंतू विसकटले तर अजून थोडं फिरवा. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारा, म्हणजे दगड दगडावर आपटत नाही आणि दोरा तुटलाच तर एकच मणी सुटतो. आणि सगळ्यात जड गारगोटी मध्ये खाली घ्या, नाहीतर माळ गळ्यात एका बाजूला फिरत राहते.