टॉर्चमधली ट्रिटियम नळी खरंच मंद असते का?

रातवा
अंधारात टॉर्च कुठे आहे ते दिसावं म्हणून तिच्या टोपणाला किंवा अंगावरच्या खाचेत आपोआप उजळणारी ट्रिटियमची नळी बसवून घेणाऱ्यांची एकच तक्रार सारखी वाचतोय: एवढा खर्च केला आणि दिसतं काय, तर नुसतं मिणमिण. काही जण तर नळी खराब निघाली म्हणून परत पाठवतात. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा नळी चांगलीच असते, पारख करायची वेळ चुकलेली असते.

आत काय चालतं ते आधी सांगतो. काचेच्या नळीला आतून फॉस्फरचा लेप असतो आणि पोकळीत ट्रिटियम वायू, म्हणजे हायड्रोजनचंच किरणोत्सारी रूप. त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, लेपावर आदळतो आणि लेप उजळतो. सेल नको, चार्जिंग नको, बटण नको. वर्षानुवर्षं रात्रंदिवस हे चालू राहतं. पण हा उजेड इतका थोडा की दिवा लावलेल्या खोलीत तो जाणवतच नाही. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. आपण पाकीट फोडतो, नळी ओंजळीत धरतो, एक डोळा लावून बघतो आणि लगेच निकाल देतो.

काल रात्री मुद्दाम लक्ष ठेवलं. दिवा मालवला तेव्हा उशाशी ठेवलेल्या टॉर्चवर काहीतरी हिरवट आहे, एवढाच भास होता. पडून राहिलो. काही वेळानं रेघ उमटली, मग तिच्या कडा स्पष्ट झाल्या. झोप लागण्याआधी शेवटचं पाहिलं तेव्हा त्या उजेडात खाचेच्या धातूवरचे लेथचे बारीक वळ दिसत होते.

विक्रीच्या फोटोंनीही घोळ घातलाय. कॅमेऱ्याचं शटर कित्येक सेकंद उघडं ठेवलं की हीच नळी ट्यूबलाइटसारखी दिसते. डोळा असा उजेड साठवत बसत नाही.

खटका
असहमत. टॉर्च शोधायची वेळ नेमकी कधी येते? दिवे अचानक जातात तेव्हा. त्या क्षणी डोळे भरपूर उजेडाला सरावलेले असतात, म्हणजे तुमची नळी ज्या डोळ्यांना दिसते ते डोळे माझ्याकडे नसतातच. मग वीस मिनिटं बसून राहू का? त्यापेक्षा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची चमकणारी पट्टी चिकटवा. खोलीतल्या उजेडावर ती भरते, आणि दिवे गेल्यावर पहिली काही मिनिटं तिच्यापुढे ट्रिटियम पार फिकं पडतं.

काजळी
खटका, पट्टी उजेडात पडून असेल तर तुमचं बरोबर. पण टॉर्च असते बॅगेत नाहीतर ड्रॉवरमध्ये. तिथे पट्टीला उजेड मिळणार कुठून? आणि उजेडात ठेवलेली पट्टीसुद्धा पहिल्या तासाभरातच बरीच उतरते. पहाटे तीनला जाग येते तेव्हा तिच्यात नावापुरती धुगधुगी उरलेली असते, उलट आपले डोळे तेव्हा पूर्ण सरावलेले असतात. त्या घटकेला ट्रिटियमला तोड नाही. अनुभवाने सांगते, अनोळखी जागी मुक्कामाला असताना रात्री हात थेट टॉर्चवर जातो, चाचपडावं लागत नाही.

मायक्रोअँप
दोघांचंही राहू द्या. बऱ्याच टॉर्चच्या बटणाखाली आता छोटा एलईडी असतो. तो वीस मायक्रोअँपिअर खात असेल आणि सेल ३००० मिलिअँप-तासांचा असेल, तर हिशेबाने १,५०,००० तास होतात, म्हणजे सुमारे १७ वर्षं. एवढ्यात सेल आपोआपच उतरेल. उजेड ट्रिटियमहून जास्त, आणि त्यासाठी किरणोत्सारी वायू खिशात बाळगायची गरज नाही.

रातवा
हिशेब बरोबर आहे. पण बॅगेत चुकून पेटू नये म्हणून टोपण अर्धा फेरा सैल केलं की सर्किट तुटतं आणि तो एलईडीही विझतो. सेल संपला तरी तेच. टॉर्च बंद पडलेली असतानाही ती कुठे आहे हे कळावं, यासाठीच मी नळी बसवतो.

किरणोत्साराबद्दल: ट्रिटियमचे इलेक्ट्रॉन फार दुबळे, काच ओलांडून ते बाहेर येत नाहीत. नळी फुटलीच तर खिडक्या उघडायच्या आणि खोलीबाहेर जायचं, वायू पसरून निघून जातो. मात्र नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत, ते पाहूनच घ्या.

निळसर
रातवा यांच्या मूळ मुद्द्यात एक मोठी गफलत आहे. 'डोळे सरावले की दिसते' हे हिरव्या आणि फिक्या निळ्या नळीपुरतं खरं. डोळ्यातल्या, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्या रंगाला, सर्वांत जास्त दाद देतात. लाल त्यांना जवळपास दिसतच नाही. मी हौसेने लाल नळी घेतली होती. अर्धा तास अंधारात बसूनही ती होती तिथेच राहिली. रंग आवडीवर घेऊ नका, डोळ्यावर घ्या. आणि नळीकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा, लगेच उजळ वाटेल. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच.

जुना दिवा
वयाचं कोणीच बोललं नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षं. म्हणजे सहा वर्षं दुकानात पडलेली नळी जवळपास तीस टक्के उजेड आधीच घालवून तुमच्या हातात येते, आणि लेप झिजतो तो वेगळाच. मला एकाने अशीच जुनी नळी नवी म्हणून दिली होती. नव्याशेजारी धरली तेव्हा फसवणूक कळली. एकटी पाहिली असती तर कळलंही नसतं, कारण उजेड निम्मा झाला तरी डोळ्याला तो निम्मा वाटत नाही. बनवल्याचं साल विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरं, खाच काळी असेल तर नळीच्या मागचा सगळा उजेड ती गिळते. चिकटवण्याआधी तळाला चकचकीत चंदेरी पट्टी घाला. डिंक पूर्ण पारदर्शक, अतिनील दिव्याखाली सुकणारा घ्या. मी आधी हाताशी होता तो साधा डिंक वापरला होता, तो दुधाळ झाला आणि नळी कायमची धुक्यात गेली.

रातवा
निळसर, लाल रंगाबद्दल मान्य, मी सरसकट लिहायला नको होतं. आणि खटका, अचानक अंधार झाल्यावर पहिल्या दोन-चार मिनिटांत नळी कामाची नाही, हेही मान्य. दाराजवळच्या खुंटीवर माझी एक टॉर्च असते, तिच्यावर दिवसभर उजेड पडतो. तिला तुमची पट्टी लावतो. उशाशी मात्र हिरवी नळीच राहील.

खटका
ही वाटणी पटली. पण विकणाऱ्यांनी प्रत्येक फोटोखाली शटर किती सेकंद उघडं होतं ते लिहिलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.